मास्क चार बोटं वर

आमच्या आत्याला बालविभागात सगळे अंगाईबाई म्हणायचे. तोंडावर सिस्टर, पाठीमागे अंगाईबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दुसरं जास्त आवडायचं. ज्या खोलीत ती ड्युटीवर असेल त्या खोलीतून रडणं ऐकू येत नाही, अशी तिची ख्याती होती. सलाईनची सुई टोचताना, कानात औषध घालताना, छाती चोळताना, पोर कितीही किरकिरं असलं तरी आत्याच्या हातात ते कुरकुरायचं आणि मग गप्प व्हायचं. नव्या डॉक्टरांना वरिष्ठ सांगायचे, "रक्त काढायचंय ना? आधी अंगाईबाईंना बोलावून आण, नाहीतर तुझी शोभा होईल."

ही कला ती नर्सिंगच्या शाळेत नाही, घरात शिकली होती. आजोबा कारखान्यात रात्रपाळी करायचे आणि दिवसा झोपायचे. दोन खोल्यांचं घर, पाच भावंडं, आत्या थोरली. धाकट्यांपैकी कुणी भोकाड पसरलं की आजोबांची झोप मोडायची, आणि मग जो रडत असे तो मार खायचाच, शिवाय ज्याच्याकडे त्याला सांभाळायचं काम होतं तोही खायचा. ते काम कायम आत्याकडे असायचं. माझे बाबा सगळ्यांत धाकटे. ती त्यांना अजून चिडवते, "तुला तोंड उघडायची सवयच मी लागू दिली नाही, म्हणून तर तुझा संसार टिकला." आई म्हणते, "त्याचं श्रेय मला द्या, वन्सं."

मी त्याच रुग्णालयात यंत्रं दुरुस्त करण्याच्या विभागात नोकरीला लागले, तेव्हा आत्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "इथे मला आत्या म्हणायचं नाही. सिस्टर म्हणायचं. आणि मला ओळखतेस म्हणून माझं मशीन आधी बघायचं नाही." दुसऱ्या दिवशी तिनेच फोन केला, "माझं मशीन आधी बघ गं."

वाफ देण्याची तिची एक पद्धत होती. छाती भरलेल्या लहान मुलांना मिठाच्या पाण्याची वाफ देतात, त्यासाठी नाका-तोंडावर रबरी कडेचा छोटा मास्क बसवायचा असतो. मुलांना तो अजिबात सहन होत नाही. ती मान फिरवतात, हातांनी ओढतात, श्वास अडकेपर्यंत रडतात. आत्या मास्क लावायचीच नाही. पोराला मांडीवर आडवं घ्यायची, मास्क चेहऱ्यापासून चार बोटं वर धरायची आणि गुणगुणत राहायची. वाफ चेहऱ्यावरून तरंगत जायची, पोर डोळे मिटून पडायचं. बघणाऱ्याला वाटायचं, केवढं हे सुख. मिठाच्या पाण्याचंच काम असल्याने डॉक्टरही काही बोलत नसत. आत्या आयांनाही तसंच शिकवायची. तिच्या हाताखालून गेलेल्या कितीतरी आया घरी जाऊन तसाच मास्क धरत असतील.

मग ते बाळ आलं. वर्षाचं व्हायचं होतं. दिवस पुरे होण्याआधीच जन्मलेलं, त्यामुळे फुप्फुसं मुळात अशक्त. मोठ्या माणसाला ज्या विषाणूने नुसती सर्दी होते, त्याने या बाळाची छाती पार धरली होती. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायचा, नाकपुड्या फुलायच्या. त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं, प्राणवायू लावला. मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं की विषाणूवरचं औषध वाफेतून थेट छातीत द्यायचं. असं औषध आमच्याकडे क्वचितच वापरलं जायचं. पाण्यात विरघळवायची पांढरी पूड, आणि तिचं धुकं करायला एक नवं यंत्र. त्यातली जाळी इतकी बारीक की डोळ्यांना नुसती चकती दिसते. यंत्र सुरू करून द्यायला मी गेले होते.

डॉक्टरांनी सगळ्या सिस्टरना एकत्र बसवून समजावलं. हे औषध छातीत गेलं पाहिजे, चेहऱ्यावर नाही. मास्क घट्ट बसला पाहिजे, कडेने फट नको. बाळ रडायला लागलं तर औषध घशातच अडकतं, म्हणून थांबायचं, शांत करायचं आणि पुन्हा घट्ट लावायचं. वेळ लागला तर लागू द्या. खोलीचं दार बंद, आत असणाऱ्यांच्या तोंडावर स्वतःचा मास्क. आणि पोटुशी बाई असेल तर तिने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, औषध हवेत उडून पोटातल्या बाळाला बाधू शकतं. इनचार्ज बाईंनी एकेकीकडे बघून संकोचत विचारलं, "कुणाला काही सांगायचंय का?" त्यांची नजर आत्यावरही क्षणभर थांबली. आत्या म्हणाली, "माझ्याकडे बघून विचारलंत हेच पुष्कळ झालं. आज घरी जाताना नवीन टिकली घेऊन जाते." सगळ्या हसल्या.

तेव्हा मीही हसले होते. आता आठवलं की वाटतं, त्या हसण्यात डॉक्टरांचं अर्धं बोलणं वाहून गेलं. पण आत्याने ऐकलं नव्हतं असं नाही. ते तिनेच नंतर सांगितलं, "शब्द न् शब्द ऐकला होता. मला वाटलं, यांनी कधी रडतं पोर मांडीवर घेतलंय का?"

हे वाक्य आमच्या घरात नवीन नाही. शिकलेल्यांना पुस्तकातलं कळतं, आत्याला पोरातलं कळतं, असं आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. मीही सांगायचे.

पहिली वाफ एका तरुण सिस्टरने दिली. ती नवीन होती आणि नियमाने चालणारी. तिने मास्क घट्ट लावला, बाळ आकांताने रडलं, ती थांबली, पुन्हा लावला, पुन्हा रडणं. बाळाची आई भिंतीला टेकून उभी होती. ती शिवणकाम करायची, बोटांना सुयांचे घट्टे पडलेले. तिचं हे पहिलंच मूल. तिला ते बघवेना. वाफ संपल्यावर ती इनचार्ज बाईंकडे गेली आणि म्हणाली, "त्या दुसऱ्या सिस्टर आहेत ना, ज्यांच्याकडे मुलं रडत नाहीत, त्यांनाच द्या माझं बाळ. या दगड आहेत." तरुण सिस्टर तिथेच उभी होती.

इनचार्ज बाईंना पटलं. बाळ शांत राहिलं तर औषध नीट जाईल, म्हणजे डॉक्टरांचंच म्हणणं झालं. त्यांनी पाळ्या बदलून त्या खोलीतल्या सगळ्या वाफा आत्याकडे दिल्या.

आत्या आत गेली, दार लावलं, बाळ मांडीवर घेतलं आणि मास्क चार बोटं वर धरला.

बाळ रडलं नाही. बाळाच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती बाहेर येऊन सासूला फोनवर सांगत होती, "देवमाणूस भेटलंय इथे." आत्याने ते ऐकलं. त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली तेव्हा खुशीत होती, माझ्या आईला चहा करू देईना, स्वतःच केला.

बाळाच्या दुखण्याला मात्र उतार पडेना. प्राणवायू कमी करायचा तो वाढवावा लागला. डॉक्टर छाती ऐकायचे, क्ष-किरणांचं चित्र उजेडात धरायचे आणि न बोलता बाहेर पडायचे. आणि वाफ देऊन बाहेर आल्यावर आत्याला चष्म्यातून धूसर दिसायला लागलं. आधी तिला वाटलं वाफेने काचा दमट झाल्या असतील. ॲप्रनच्या टोकाने पुसल्या तर टोकावर पांढरी पूड लागली. दुसऱ्या वेळी तिने पुसण्याआधी बोट फिरवून पाहिलं. मग पलंगाचा कठडा पाहिला, उशीचा अभ्रा पाहिला, स्वतःच्या बाहीची घडी उलगडून पाहिली. सगळीकडे तीच पूड. पाणी सुकून गेलं होतं आणि औषध मागे राहिलं होतं. बाळाच्या छातीत जायचं ते तिच्या चष्म्यावर बसत होतं.

"तेव्हाच कळलं का तुला?" मी तिला नंतर विचारलं.

"तेव्हाच."

"मग?"

"मग मी चष्मा पुसला."

पुढच्या वाफेला तिने मास्क टेकवून पाहिला. बाळ दचकलं, तोंड वाकडं केलं, आई पुढे सरकली आणि म्हणाली, "काय झालं, सिस्टर?" आत्याचा हात आपोआप वर आला. ती म्हणाली, "काही नाही, काही नाही," आणि गुणगुणायला लागली.

औषधाचा गुण येत नाही म्हणजे यंत्रात बिघाड असणार, असं इनचार्ज बाईंनी ठरवलं आणि मला बोलावलं. मी धुक्याचे थेंब तपासले, जाळी बदलून पाहिली, नळी बदलली. यंत्र ठणठणीत होतं. पण त्याच्या अंगावर आणि पलंगाच्या डोक्याकडे पांढरा थर दिसला. मी विचारलं, "सिस्टर, हे पांढरं कसलं?"

आत्या चादर घडी करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "धूळ असेल. नीट पुसतात कुठे इथे."

मी यंत्रशास्त्र शिकलेली मुलगी. धूळ एवढी शुभ्र नसते, ती एकाच बाजूला बसत नाही, बंद खोलीत इतक्या लवकर साचत नाही. हे सगळं मला येत होतं. पण सांगणारी आत्या होती, म्हणून मी मान डोलावली. बाहेर इनचार्ज बाई म्हणाल्या, "तुमच्या विभागाचं नेहमीचंच. यंत्र चांगलं आणि पेशंट वाईट." आत्या मागेच उभी होती. तिने तेही ऐकून घेतलं, माझ्यासाठी एक शब्द काढला नाही. तिच्या स्वभावाला हे धरून नव्हतं. एरवी माझ्या विभागाला कुणी नावं ठेवली तर ती त्याच्या सात पिढ्या काढायची. मला राग आला होता, पण कशाचा ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीवर आले तेव्हा मी त्याच खोलीत होते, यंत्र परत न्यायचं का ते विचारायला. डॉक्टर, इनचार्ज बाई, तरुण सिस्टर दाराशी, आत्या पलंगाच्या पायाशी, आई उशाशी. डॉक्टर आईला म्हणाले, "या औषधाचा तुमच्या बाळावर परिणाम होत नाहीये. ते आजपासून थांबवू. श्वासाला त्रास वाढतोय, त्यामुळे घशात नळी घालून यंत्राने श्वास द्यावा लागेल असं दिसतं. त्याची तयारी करतो."

आईने विचारलं, "नळी घातल्यावर बरं होईल ना?"

डॉक्टर म्हणाले, "बहुतेक मुलं होतात. पण याची फुप्फुसं नाजूक आहेत, म्हणून आतापर्यंत टाळत होतो."

ते वळले. इनचार्ज बाई वळल्या. आत्या म्हणाली, "औषध बंद करू नका."

डॉक्टर थांबले.

"ते बाळाला मिळालेलंच नाही," आत्या म्हणाली. "मी मास्क लावत नव्हते. वर धरत होते."

"वर म्हणजे?"

आत्याने हात उचलून दाखवला. रिकामा हात, वाटी धरल्यासारखा, हवेत.

"किती वेळा असं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्याकडे दिल्यापासून सगळ्या वेळा."

डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले. मग हळू आवाजात म्हणाले, "आपण बाहेर बोलू."

"बाहेर नको," आई म्हणाली. "माझं बाळ इथे आहे, इथेच बोला." मग ती आत्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "तो रडला असता तर त्याला काही झालं असतं का?"

"नाही," आत्या म्हणाली.

"मग का नाही लावलात?"

आत्याने चष्मा काढून पुसला. तरुण सिस्टरने जमिनीकडे बघितलं. शेवटी आत्या म्हणाली, "मला ऐकवत नाही."

"काय ऐकवत नाही?"

"रडणं."

आई तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती आता ओरडेल. माझी तशी इच्छाच होती म्हणा ना. पण ती एवढंच म्हणाली, "मी आई आहे. मला ऐकवत होतं का?"

तीच आई दोन दिवसांपूर्वी तरुण सिस्टरला दगड म्हणाली होती, हे तिलाही आठवलं असावं, कारण तिने दाराकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

डॉक्टरांनी बाळाची छाती पुन्हा ऐकली, किती प्राणवायू लागतोय तो आकडा बघितला आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबता येईल. नळीची तयारी ठेवा, पण तोवर वाफ नियमाप्रमाणे द्या. मास्क घट्ट, आणि रडला तर थांबा, नाहीतर औषध घशातच अडकतं." इनचार्ज बाई तरुण सिस्टरला खूण करणार तोच आई म्हणाली, "यांनाच देऊ द्या."

"त्यांना?"

"रडला की औषध घशात अडकतं म्हणालात ना. यांच्याकडे तो रडत नाही, एवढं तर खरं आहे. आता घट्ट लावा आणि रडवू नका म्हणावं. सगळं येतं ना यांना."

मी यंत्र जोडून दिलं आणि बाहेर आले. दाराला काच होती, आतलं बोलणंही बाहेर ऐकू यायचं. आत्याने बाळ मांडीवर घेतलं, थोपटलं, झोप लागू दिली आणि मास्क टेकवला. बाळाने डोळे उघडले, पाठ धनुष्यासारखी केली आणि किंचाळलं. आत्याचा हात उचलला गेला. मला काचेतून स्पष्ट दिसलं, तिने उचलला नाही, तो उचलला गेला. तेवढ्यात आईचा हात त्यावर आला आणि तिने तो हात मास्कसकट खाली दाबला.

"डॉक्टर म्हणालेत रडताना द्यायचं नाही," आत्या म्हणाली.

"मग मशीन थांबवा. हात उचलू नका."

आत्याने बटण दाबलं. धुकं थांबलं, मास्क तसाच राहिला. बाळ मास्कमध्ये रडत होतं, त्याचा आवाज रबरात कोंडून आणखी भेसूर येत होता. आत्याचं गुणगुणणं ऐकू येईना. तिच्या तोंडावरचा मास्क हलत होता, पण आवाज फुटत नव्हता. कॉरिडॉरमध्ये इतर मुलांचे आईवडील माना वळवून बघत होते. साफसफाई करणाऱ्या मावशी बादली खाली ठेवून मला म्हणाल्या, "आज अंगाईबाई सुट्टीवर आहेत का गं?" मी काचेपुढे जरा आडवी झाले. तरुण सिस्टर माझ्या शेजारून औषधांचा ट्रे घेऊन गेली, तिनेही सांगितलं नाही.

रडून रडून बाळाला मास्कची सवय झाली की ते दमलं, कोण जाणे. त्याचा श्वास हळूहळू संथ झाला. आत्याने बटण दाबलं. धुकं सुरू झालं आणि या वेळी ते कडेने कुठेच निसटलं नाही. मध्येच बाळ पुन्हा उठलं, पुन्हा रडलं, पुन्हा यंत्र थांबलं. आईने हात काढला नाही. ती काही आत्याला आधार देत नव्हती. तिचा आत्याच्या हातावर विश्वास उरला नव्हता, म्हणून तिने आपला हात वर ठेवला होता. आणि आत्याने तो ठेवू दिला.

संध्याकाळी नळी घातली नाही. प्राणवायूचा आकडा वाढला नाही, एवढ्यावर डॉक्टरांनी आणखी एक रात्र थांबायचं ठरवलं. पुढच्या दिवसांत तो हळूहळू उतरला. बरगड्यांखालचा खड्डा आधी उथळ झाला, मग दिसेनासा झाला. आत्याने डॉक्टरांना गाठून विचारलं, "औषधानेच झालं ना?"

डॉक्टर म्हणाले, "सांगता येणार नाही. या आजारात पुष्कळ मुलं आपोआपही सुधारतात."

"म्हणजे मी आधीच नीट दिलं असतं तर..."

"तेही सांगता येणार नाही, सिस्टर."

आत्या मला म्हणाली, "बघ, एवढं शिकलेला माणूस, त्याला एक शिक्षा ठरवता येईना." ती हसायचा प्रयत्न करत होती. इनचार्ज बाईंनी वर कळवलं, तिला समज मिळाली, तिने ती मान खाली घालून ऐकली. वॉर्डात ती आता रबरी कड दाबून मास्क लावते. तिच्या खोलीतून रडणं ऐकू येतं. आणि अंगाईबाई हे नाव कुणी घेत नाही, कुणी तसं ठरवलं नव्हतं तरी.

बाळाला घरी सोडलं त्या सकाळी मी कॉरिडॉरमध्ये एक पंप दुरुस्त करत होते. बाळाची आई पिशव्या घेऊन बाकावर बसली होती, नवरा रिक्षा आणायला गेला होता. शेजारी एक दुसरी बाई, आदल्या रात्री दाखल झालेल्या मुलीची आई, हवालदिल. ही तिला हाताने दाखवून सांगत होती, "मास्क असा वर नाही धरायचा. टेकवायचा. रडली तर रडू दे, शांत झाली की मशीन सुरू करायचं. सिस्टर काहीही म्हणाल्या तरी."

आत्या तेवढ्यात तिकडून आली. दुसऱ्या बाईने विचारलं, "या आहेत का सिस्टर?"

"हो," बाळाची आई म्हणाली. आत्या ऐकण्याच्या अंतरावर होती, आणि तिने आवाज कमी केला नाही. "चांगल्या आहेत त्या. पण लक्ष ठेवा."

तिने पाय आत घेऊन पिशवी बाजूला सरकवली, जायला वाट करून दिली. आत्या तिथून गेली. वाटेत तिने बाळाकडे बघितलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या विभागात आली. तारा जोडताना उठणारा सोल्डरचा धूर तिला आवडत नाही, तरी बसली. डबा उघडला नाही. मग म्हणाली, "तिने मला चांगली म्हटलं नसतं तर बरं झालं असतं गं."